पलीकडच्या काठावरचे दिवे

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी मागच्या ओट्यावर बसून मेथी निवडत होते, तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. निवृत्त मास्तरणीला जुन्या मुलांचे फोन येतात ते बहुतेक लग्नाच्या आमंत्रणाचे, म्हणून मी आधीच विचारून टाकलं, “तारीख कोणती?”

ती हसली. “लग्न नाही, मॅडम. समुद्रावर चलता का?”

ही मुलगी लोधीखेड्याची. सौसरच्या शाळेत मी तिला नववीत आणि दहावीत भूगोल शिकवला. रोज बसने यायची आणि पहिल्या तासाला हटकून पाच मिनिटं उशिरा पोचायची. आता ती मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. सहा महिने पाण्यावर, काही महिने घरी. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली होती. जानेवारीच्या शेवटी ती बोट रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे न्यायची होती; मित्र तिथेच भेटणार होते. मी आणि आमचे हे, दोघांनीही यायचं, असं तिचं म्हणणं. सात दिवस बोटीवरच राहायचं, बोटीवरच झोपायचं. एखादा मुक्काम गाव असलेल्या बंदरात, एखादा नुसताच, माणूस नसलेल्या खाडीत नांगर टाकून.

“अन मुक्काम तुमीच ठरवा मॅडम. तुमी त पाहिला आहे तो किनारा.”

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. मी तो किनारा पाहिलेला नव्हता. मी कुठलाच किनारा पाहिलेला नव्हता. तीस वर्षं भूगोल शिकवून, बासष्ट वर्षांची होऊन मी समुद्र पाहिलेला नव्हता आणि हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं, कारण मी तिला भर वर्गात उलटंच सांगितलं होतं.

ते असं झालं. नववीचा वर्ग, दुपारचा तास. मी फळ्याशेजारी भारताचा नकाशा टांगून छडीने पश्चिम किनारा दाखवत होते. आमचा भाग सीमेपलीकडचा, हिंदी राज्यातला आणि शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे आमचं सगळं हिंदीत चालायचं. पण आमच्याकडची मुलं भान विसरली की घरच्या बोलीत बोलतात. तशी ही मुलगी दुसऱ्या बाकावरून मध्येच उठून म्हणाली, “मॅडम, तुमी पाहिला का समुद्र?”

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मुलं लिहून घ्यायची आणि मी लिहून द्यायचे. साठ डोळे माझ्याकडे. नाही म्हणायला काय झालं होतं? पण मला वाटलं, ही बाई स्वतः न पाहिलेली गोष्ट छडीने दाखवते आहे, हे या पोरांना कळलं तर उद्यापासून ती हिमालयावरही विश्वास ठेवणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला. स्वतःचाच राग, पण तो तिच्यावर निघाला असता. मी म्हणाले, “हो, पाहिला.”

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण पोरांनी विचारलं, कसा असतो, आणि माझी जीभ सुटली. कोकणात गेले होते म्हणाले. पायाखालची वाळू सरकते, ते सांगितलं. वाऱ्याला मीठ लागलेलं असतं, ओठ चाटले की कळतं, हेही सांगितलं. लाटांचा आवाज सांगितला. संध्याकाळ झाली, पाणी काळं झालं आणि मग पलीकडच्या काठावर एकेक करून दिवे लागले, आणि मी ते दिवे मोजत बसले, असं सांगितलं. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. इतका चांगला तास मी आयुष्यात घेतला नाही, हे कबूल करायला मला आजही लाज वाटते.

पुढे ती मुलगी खरोखरच समुद्रावर गेली. माझ्या निरोप समारंभाला ती मुद्दाम आली आणि माइक हातात घेऊन म्हणाली की मॅडमनी समुद्र असा सांगितला की मला जाऊन पाहावाच लागला. टाळ्या झाल्या. मी खाली बघत शालीची दशी कुरतडत होते. त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या पोटात होती. एका लेकराने आपलं सगळं आयुष्य माझ्या एका थापेवर उभं केलं आहे, आणि ते कळलं तर तिला काय वाटेल, हा विचार भाजी फोडणीला टाकतानासुद्धा यायचा. आणि आता ती म्हणत होती, मुक्काम तुम्ही ठरवा.

माझ्या जागी शहाणी बाई असती तर तिने गुडघेदुखी पुढे केली असती. पण मला समुद्र पाहायचा होता. इतका पाहायचा होता की मी हो म्हणून बसले.

शाळेत भिंतीवर मोठा पडदा आला तेव्हा जुना नकाशा अडगळीत जाणार होता. तो मी मागून घेतला होता. पांढुर्ण्याच्या घरात तो बैठकीच्या खोलीत टांगला. जवळ जाऊन पाहिलं तर रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतचा निळा रंग पार उडालेला. तीस वर्षं छडी तिथेच घासली होती. जो भाग मला आता पाहायचा होता, नेमका तोच मी पुसून टाकला होता. मग मी फोनवरचा, आकाशातून दिसणारा नकाशा उघडला, चष्मा पुसला आणि शंभर पानी वही घेऊन बसले.

काय सांगू, त्या दोन आठवड्यांत मी जितकं शिकले तितकं बी.एड.ला शिकले नव्हते. सगळ्यात आधी कळलं की नांगर टाकला म्हणून बोट गप्प उभी राहत नाही. ती नांगराभोवती फिरते, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखी. वारा फिरला की तिचं तोंड फिरतं. मग रात्री झोपताना उशाशी असलेलं गाव सकाळी पायाशी असतं का? हे विचारायला मी त्या मुलीला फोन केला, पण विचारलं मात्र असं, “अगं, जुनी गोष्ट आहे, नीट आठवत नाही मला. ती बोट फिरत होती ना रात्री?” ती म्हणाली, “हाव मॅडम, फिरते.” मी वहीत लिहून घेतलं. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट सोडावी लागते, हेही मी असंच, विसरल्याचं सोंग घेऊन काढून घेतलं. खाली चिखल असेल तर नांगर धरतो, खडक असेल तर अडकतो किंवा घसरतो. दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणं सोपं. शांत मुक्काम म्हणजे लाटांना पाठ आणि वाऱ्याला आडोसा. माणसं नसणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग आहे.

आमच्या ह्यांना मात्र तोच भाग पटत नव्हता. ह्यांनी नोकरी तहसील कार्यालयात केली, पण जीव सगळा बोरगावजवळच्या संत्र्याच्या बागेत. कुठेही जायचं म्हटलं की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मी नकाशावर एका निर्जन खाडीवर बोट ठेवलं की हे विचारणार, “तिथं आपलं कोण आहे?”

“कोणीच नाही.”

“मग थांबायचं कायले?”

“शांतता आहे म्हणून.”

“शांतता त आपल्या बागेतही आहे. तिथं तू एक रात्र नाही राहत.”

मी पुढच्या खाडीवर बोट ठेवलं. पण ह्यांनीही मग हळूहळू वहीत डोकं घातलं. काटोलच्या सोयऱ्यांची एक पुतणी मालवणला दिली आहे आणि तिचा नवरा तिथे बँकेत आहे, हा शोध ह्यांनी चार फोन करून लावला आणि मालवणचा मुक्काम पक्का झाला. बोटीवर संत्र्यांची पेटी किती दिवस टिकेल, खारा वारा फळाला लागतो का, बादलीने अंघोळ करताना बोट हलली तर काय, असले प्रश्न ह्यांनाही पडू लागले. एकदा पहाटे उठून पाहते तर हे बैठकीत नकाशासमोर उभे. म्हणाले, “नदी समुद्राले मिळते तिथं गोडं पाणी कुठपर्यंत जात असन गं?” मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं चहा होईपर्यंत त्यावरच बोलत होतो.

असे सात मुक्काम ठरले. पहिला विजयदुर्ग, मग देवगड, मग एक रिकामी किल्ल्याखालची जागा, चौथा मुक्काम एका लहानशा खाडीत, पुढे मालवण वगैरे. ती चौथी खाडी माझी लाडकी होती. फोनवरच्या चित्रात ती निळीशार, दोन्ही बाजूंनी माड, आत एक वळण, वळणाआड एक देऊळ. मी तिथे दुपारी तीन वाजता पोचायचं ठरवलं, म्हणजे उजेडात देवळात जाऊन येता येईल. कुठे दूध मिळेल, कुठे डॉक्टर आहे, कुठून कुठे किती तास, कोणत्या बाजूचा वारा, सगळं मी तक्त्यात मांडलं. वहीची बारा पानं भरली. त्यांचे फोटो काढून त्या मुलीला पाठवले आणि मनातल्या मनात स्वतःला दहापैकी नऊ दिले.

रविवारी तिचा फोन आला.

“मॅडम, प्लॅन एक नंबर आहे. असा त आमच्या जहाजावर कोणी बनवत नाही. फक्त तो चौथा मुक्काम पाहून राहिली मी. तुमी तिथं तीन वाजता पोचवून राहिल्या आपल्याले.”

“मग?”

“तीन वाजता तिथं पाणी नसन.”

“पाणी नसन मतलब? खाडी आहे ना ती?”

“ओहोटी असन, मॅडम. बोट चिखलात बसन.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्वार-भाटा! पाच गुणांचा प्रश्न, आकृतीसह. चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत. तीस वर्षं मी तो दरसाल लिहून दिला, हिंदीत. घरची भाषा मराठी असून भरती-ओहोटी हे शब्द माझ्या तोंडात कधी बसले नव्हते. पण शब्दाचं सोडा. त्या बारा पानांत मी वारा घेतला, दूध घेतलं, देऊळ घेतलं आणि पाणी येतं-जातं हेच घ्यायला विसरले. आमच्याकडे नदी श्रावणात भरते आणि उन्हाळ्यात आटते. सकाळी पाहिलेली नदी दुपारी तिथेच असते. मी समुद्रालाही कन्हान नदीसारखंच धरलं होतं. पाण्यात पाय न घातलेला माणूसच अशी चूक करतो, आणि ते त्या मुलीच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील, असं मला वाटलं. तिकडून तीच म्हणाली, “तुमी गेल्या होत्या तवा भरती असन. म्हणून लक्षात नसन राहिलं.”

वाट आयती समोर आली होती. मी त्या वाटेने गेले. म्हणाले, “हाव, तसंच असन.”

फोन ठेवला आणि मला माझी किळस आली. नववीच्या वर्गातली थाप तोंडातून निसटली होती, तिला काही इलाज नव्हता. ही मात्र मी बासष्टाव्या वर्षी, समजून-उमजून मारली होती. त्या दिवशी मी ह्यांच्यावर तीनदा ओरडले. वरणात मीठ जास्त झालं तेही ह्यांच्याच नावावर टाकलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी बोरगावच्या बागेत व्यापारी यायचा होता. आमच्याकडे संत्रा झाडावर असतानाच विकतात. व्यापारी बागेत फिरतो, झाडं पाहतो आणि सौदा करतो. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, म्हणून मीही ह्यांच्याबरोबर गेले. व्यापाऱ्याला बाग दाखवायची प्रत्येकाची एक रीत असते. बहुतेक लोक त्याला वाटेवरच्या, लदबदलेल्या झाडांखालून नेतात आणि चहा पाजून परत आणतात. ह्यांची रीत उलटी. हे त्याला आधी थेट मागच्या बांधाजवळ नेतात. तिथली चार-पाच झाडं दर वर्षी खराब असतात. पानांवर कोळशीची काळी बुरशी, फळ लहान. आसपासचे लोक ह्यांना त्यावरून हसतात. मीही हसलेली आहे.

तो व्यापारी नवा, तरुण होता. म्हणाला, “काका, तुमी त उलटे आहात. लोक खराब लपवतात.”

हे म्हणाले, “चांगली झाडं तुले आपोआप दिसन. खराब तूच शोधून काढलं, त मग तू माझ्या चांगल्या झाडावरही भरोसा नाही ठेवशीन.”

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. त्या दिवशी ते मला लागलं. व्यापारी पुढे गेला तशी मी तिथेच, बांधाजवळच्या त्या रोगट झाडाखाली ह्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. वर्गातला प्रश्न, थाप, निरोप समारंभ, परवाचा फोन. हे आधी हसले. पोट धरून हसले. मी इतकी चिडले की रस्त्याकडे चालायलाच लागले. मग मागून आले आणि म्हणाले, “अवं, थांब. अन तिनं ते ऐकून समुद्राची नोकरी धरली?”

“हाव.”

“मग त सांगावंच लागन. तिथं जाऊन नाही, आधी. बांधाजवळचं झाड आधी दाखव तिले.”

“तिनं माझं तोंड नाही पाहिलं पुन्हा, त?”

ह्यांनी खिशातून एक संत्रा काढून सोलला आणि अर्धा मला दिला. आंबट होता.

तोंडाने सांगायचं धाडस मला झालं नाही. मी लिहून देणारी बाई. घरी आल्यावर वही काढली, लाल पेन घेतला आणि माझ्याच योजनेचं पहिलं पान उघडलं. अगदी वर, तारखेच्याही वर लिहिलं: “सूचना. ही योजना करणाऱ्या बाईने समुद्र कधीही पाहिलेला नाही. नववीच्या वर्गात सांगितलं ते खोटं होतं. परवा फोनवर म्हणाले तेही खोटं.” चौथ्या मुक्कामावर लाल फुली मारली. खाली गुण दिले, दहापैकी तीन, अक्षराचे. फोटो काढला आणि परत न वाचता पाठवून दिला.

तिने तो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत फोनकडे पाहत राहिले. मला खात्री झाली की गेली, ही पोरगी माझ्या हातून गेली. मला रडू आलं आणि ओटा पुसता पुसता मी रडले. हे दारात उभे राहून पाहत होते आणि त्यांनाही काय करावं कळत नव्हतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

“मॅडम, मी गाडी चालवून राहिली होती, बाजूले लावली आता,” ती म्हणाली. “मले माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुमी समुद्र नाही पाहिला ते. नववीपासून माहीत आहे.”

मी खुर्चीत बसले.

“तुमी म्हटलं होतं ना, पलीकडच्या काठावर एकेक करून दिवे लागले. मी घरी जाऊन पुस्तकातला नकाशा पाहिला. कोकणाच्या पलीकडे काठ कुठंय, मॅडम? पलीकडचा काठ त अरबस्तानाचा. मले आधी वाटलं, मॅडमची नजर लय तेज असन. मग दोन दिवसानं समजलं.”

“अन तू मले काहीच नाही बोलली?”

“काय बोलू? तुमी कधी खोटं बोलत नव्हत्या. मॉनिटरनं एक दिवस खोटी हजेरी लावली, त तुमी त्याले किती बोलल्या होत्या. मले वाटलं, अशी काय गोष्ट असन ती, जिच्यासाठी आपल्या मॅडम खोटं बोलल्या? ती त पाहाच लागन. म्हणून गेली मी.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या थापेवर विश्वास ठेवून ती गेली. ती थाप ओळखून गेली होती. आणि परवा, चिखलाच्या गोष्टीवर, तिने मला वाट करून दिली होती ती मी पळून जावं म्हणूनच. मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, “मग काय, तुमाले चिखलात बसवू का?”

मग तिनेच विचारलं, “पण मॅडम, ते दिवे तुमी कुठं पाहिले होते? ते काही बनवलेले नव्हते. बनवलेलं असतं त इतकं चांगलं नसतं लागलं.”

आणि मग मला आठवलं. खरं तर मी ते विसरलेच नव्हते, फक्त कुठून आलं ते कधी पाहिलं नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असताना वडिलांबरोबर कन्हानच्या काठी अडकले होते. पूर आलेला, गाडी पलीकडे जाईना. संध्याकाळ होत आली. एवढं पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मी घाबरून रडत होते. वडील म्हणाले, पलीकडे पाहा, दिवे लागतील तसे मोज. मी मोजू लागले. किती होते ते आठवत नाही, पण मोजता मोजता भीती गेली. समुद्र कसा असतो असं पोरांनी विचारलं तेव्हा माझ्याजवळचं सगळ्यात मोठं पाणी मी त्यांना देऊन टाकलं होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, “ठीक आहे. वही परत पाठवा. मी दुरुस्त करते.”

चार दिवसांनी माझीच बारा पानं तिच्या अक्षरांनी भरून परत आली. प्रत्येक मुक्कामासमोर भरतीची आणि ओहोटीची वेळ. चौथा मुक्काम तिने काढला नव्हता. फक्त तीनऐवजी सकाळी साडेदहा केला होता आणि वर लिहिलं होतं, देऊळ पाहून पाणी उतरायच्या आत बाहेर. विजयदुर्गचा पहिला मुक्काम मी गावाच्या धक्क्याजवळ धरला होता, दुधाच्या सोयीसाठी. तो तिने खोडून खाडीत आतल्या बाजूला नेला होता. कारण लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही, कारण एव्हाना मला अक्कल आली होती की तिचं ऐकावं.

जानेवारीत आम्ही नागपूर, मुंबई करत रत्नागिरीला पोचलो, दोन पिशव्या आणि संत्र्यांची एक पेटी घेऊन. समुद्र मी पहिल्यांदा कसा पाहिला म्हणाल तर बादलीत तोंड घालून. शीड उभारल्यापासून दुपारपर्यंत मला उलट्या होत होत्या. हे मात्र जन्माचे खलाशी असल्यासारखे सुकाणूपाशी बसून त्या मुलीला बागेची गोष्ट सांगत होते. दुपारनंतर माझं पोट थांबलं आणि मी डोकं वर काढलं. उजवीकडे काही नव्हतं. नुसतं पाणी आणि मग आभाळ. पलीकडे काठ नव्हता. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, खरंच नव्हता. नकाशात निळा रंग दिसतो तेव्हा तो कुठेतरी चौकटीला लागून संपतो. इथे संपतच नव्हता. मला भीती वाटली, आणि इतका आनंद झाला की मी ह्यांचा हात धरला, त्या मुलीसमोर.

ऊन उतरताना आम्ही विजयदुर्गाला वळसा घालून खाडीत शिरलो. लाटा मागे राहिल्या. तिने शीड उतरवलं, ह्यांना हाताशी घेऊन नांगर सोडला, साखळीचा आवाज थांबला आणि बोट हळूच फिरून वाऱ्याकडे तोंड करून राहिली. अगदी वहीत लिहिलं होतं तशी. दोन्ही बाजूंना डोंगर काळे होत गेले. मी ओठ चाटले. खारट होते.

मग समोर, खाडीच्या पलीकडे, एक दिवा लागला. जरा वेळाने त्याच्या डावीकडे दुसरा. मग वर डोंगरावर एक. मी मोजायला लागले आणि पाचव्या दिव्यावर माझ्या लक्षात आलं की हिने मुक्काम धक्क्यावरून इथे का हलवला. मी वळून पाहिलं. ती सुकाणूपाशी पाय सोडून बसली होती, संत्रा सोलत. माझ्याकडे न पाहता, दुसऱ्या बाकावरून विचारावं तसं तिने विचारलं,

“मॅडम, तुमी पाहिला का समुद्र?”

“पाहून राहिली, बेटा,” मी म्हणाले. “थांब जरा, मोजू दे.”